दोन चाकांचा अभिमान

म्हैसूरचा दसरा म्हटला की सोन्याची अंबारी, ती वाहणारा हत्ती आणि दिव्यांनी उजळलेला राजवाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु विजयादशमीच्या आदल्या दिवशी, महानवमीस होणारी आयुधपूजा ही केवळ राजघराण्याची नसते. राजवाड्यात तलवारींची पूजा होते, तशीच साध्या घरांत अवजारांची व वाहनांची होते. म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वरुणा हे अशाच शेतकरी परिसरातील गाव. अशा गावांत नांगर-कोयत्यांबरोबर सायकलही धुऊन पुसून अंगणात उभी केली जाते आणि तिच्या हँडलला झेंडूची माळ घातली जाते. महाराष्ट्रातही खंडेनवमीला व दसऱ्याला हाच प्रघात आहे. सायकलीला शस्त्रांच्या पंक्तीत बसविणारी ही परंपरा एक महत्त्वाची गोष्ट सुचविते : सायकल ही तिच्या मालकाच्या दृष्टीने केवळ वस्तू नसून सामर्थ्य आहे.

सायकलस्वाराला आपल्या सायकलीचा वाटणारा अभिमान अनेकदा कौतुकमिश्रित हास्याचा विषय होतो. वस्तुतः त्यामागे एक साधे सत्य दडलेले आहे. मोटार इंधनावर धावते. सायकल मात्र स्वाराच्या श्रमावरच धावते. चढ त्यानेच चढलेला असतो, वाऱ्याशी झुंज त्यानेच दिलेली असते. साखळीला तेल केव्हा द्यायचे आणि ब्रेक कोठे घासतो, हे त्याला आवाजावरून कळते. म्हणूनच हा अभिमान मालकीच्या पावतीतून येत नाही. तो वापरातून व निगेतून येतो. ताळेबंदाच्या भाषेत दरवर्षी सायकलीचा घसारा होतो, पण स्वाराच्या मनातील तिचे मोल वाढत जाते.

एके काळी मराठी मुलखात सायकल विकत घेणे हा घरातील सोहळा असे. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला सायकलीवर लावला जाई, रात्रीसाठी डायनॅमोचा दिवा बसे, आणि चाकांच्या आऱ्यांत रंगीत मणी ओवले जात. ज्यांना सायकल परवडत नसे ते ती तासाच्या भाड्याने घेत. भाड्याची सायकल आनंद देई. परंतु तिचा गंज पुसण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. मालकीची सायकल आणि भाड्याची सायकल यांतील हे अंतर आजच्या शहरांनाही काही शिकविणारे आहे.

म्हैसूर शहरात जून २०१७ मध्ये ‘ट्रिण ट्रिण’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. सुमारे ४५० सायकली, ठिकठिकाणी निश्चित थांबे, आणि सभासदाला दिलेल्या कार्डावर सायकल घेऊन ती दुसऱ्या थांब्यावर परत लावण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यातही भाड्याच्या सायकली आल्या. परंतु त्यांतील अनेक सायकलींची मोडतोड झाली, काही बेवारस पडून राहिल्या आणि त्या उपक्रमांना अल्पावधीतच ओहोटी लागली. यावरून ‘जे सर्वांचे ते कोणाचेच नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. सायकलीला ठरलेली जागा, वापरणाऱ्याची नोंद आणि वेळच्या वेळी दुरुस्ती असेल, तर सामायिक सायकलीविषयीही आपलेपणा रुजू शकतो. जेथे निगा राखण्याची जबाबदारी कोणावरच नसते, तेथे अभिमानाला थारा मिळत नाही.

याउलट, पहिल्यांदाच हाती आलेली स्वतःची सायकल काय घडवू शकते, याचे बोलके उदाहरण तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात सापडते. १९९१ च्या सुमारास तेथील साक्षरता चळवळीत ग्रामीण स्त्रियांना सायकल चालविण्यास शिकविण्यात आले. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि सायकली घेण्यासाठी स्त्रियांना बँकांकडून कर्जे मिळवून दिली. टीका व टवाळी सोसून हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलांना शाळेत पोहोचविणे यांसाठी कोणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्या कर्जाची रक्कम बँकेच्या खतावणीत नगण्य असेल. पण कर्जदार स्त्रीच्या आयुष्यात ती स्वातंत्र्याची पहिली नोंद होती. कर्नाटक शासनानेही २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना हाती घेतली, तिच्यामागेही शाळेचे अंतर तोडण्याचाच विचार होता.

अभिमानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आज लाखो रुपये किमतीच्या, कार्बनच्या फ्रेमच्या सायकली बाजारात आहेत. त्या घेणाऱ्यांविषयी आकस असण्याचे कारण नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली, ती अर्थातच उत्तम सायकलींच्या साथीने. पण त्यांचा गौरव झाला तो कापलेल्या अंतराचा, सायकलींच्या किमतीचा नव्हे. केवळ किमतीवर पोसलेला अभिमान दिवाणखान्यात धूळ खात उभा राहतो. चाऱ्याचा भारा कॅरिअरवर बांधून शेतातून परतणाऱ्या वरुणाच्या शेतकऱ्याची काळी सायकल आणि पहाटे त्याच रस्त्याने सरावाला येणाऱ्या एखाद्या शहरी तरुणाची हलकी सायकल, या दोहोंची किंमत वेगळी. मान मात्र एकच असावयास हवा.

दुर्दैवाने तो मान समाज देत नाही, हाच खरा प्रश्न आहे. घरात मोटारसायकल येताच सायकल जिन्याखाली जाते. कार्यालयांच्या आवारात मोटारींसाठी आखलेल्या जागा असतात. सायकलस्वाराला मात्र पहारेकरी भिंतीकडेचा कोपरा दाखवितो. पायाखालच्या रस्त्यावर त्याला हक्काची पट्टी नसते, आणि असली तरी तिच्यावर अन्य वाहने उभी असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी फेऱ्या निघतात, भाषणे होतात. ४ जूनला पुन्हा तोच कोपरा वाट्याला येतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक शाळेच्या, कचेरीच्या आणि बँकेच्या शाखेच्याही दाराशी, सहज दिसेल अशा जागी, छपराखाली सायकल लावण्याची आणि कुलूप अडकविण्याची सोय करता येईल. सायकलीसाठी मागितलेले लहान कर्ज हे लहान म्हणून दुय्यम मानता कामा नये. गावोगावच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानांनाही खेळत्या भांडवलाचा आधार मिळाला पाहिजे. कारण पंक्चर काढणारा कारागीर नाहीसा झाला, तर सायकलही रस्त्यावरून नाहीशी होईल.

वर्षातून एक दिवस सायकलीला झेंडूची माळ घातली जाते, ही परंपरा सुंदर आहे. परंतु उरलेल्या दिवशी तिला सुरक्षित रस्ता आणि उभे राहण्यास सन्मानाची जागा मिळणे, हीच तिची खरी पूजा होय.