गायिकेचे नाव आणि संशोधकाची नीती

संशोधनाच्या नीतीचा विचार अलीकडे विद्यापीठांतून टक्केवारीत होऊ लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास तो दोष मानला जात नाही. पुढे चाळीस व साठ टक्क्यांच्या पायऱ्यांवर शिक्षा वाढत जाते. २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रमही पीएच.डी.पूर्व पाठ्यक्रमात आवश्यक ठरला. ही पावले आवश्यकच होती. परंतु संगणक मजकुराची तुलना आधी नोंदल्या गेलेल्या मजकुराशीच करू शकतो. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून उतरवून घेतलेली ओवी कोठेच छापलेली नसते. ती कोणाची हे न सांगता प्रबंधात घातली, तरी साम्याचा आकडा शून्यच राहतो. मराठी विभागांतील संशोधनापुरता नीतीचा खरा प्रश्न या शून्यापाशी सुरू होतो.

शास्त्रीय संशोधनाने आपली नीती बव्हंशी अपराधांतून शिकली. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये, माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अपरिहार्य होय, हे तत्त्व मांडले गेले. १९६४ मध्ये हेलसिंकीची घोषणा झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मात्र नियम झाले म्हणजे पेच संपतात असे नाही. १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे संशोधन सुरू झाले. तीन गटांसाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या होत्या. चौथ्या गटासाठी तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले होते.

या निष्कर्षाचे मोल जगभरच्या गरीब स्त्रियांसाठी मोठे आहे, हे निःसंशय. जेथे तपासणीची सोयच नव्हती तेथे चौथ्या गटाकडून काहीही काढून घेतले गेले नाही, असा एक युक्तिवाद. रोग लवकर ओळखता येतो हे ज्ञात असता कोणालाही तपासणीवाचून ठेवणे योग्य नव्हे, असा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा पेच आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक प्रश्न पाहावयास हवा. ‘नियंत्रण गट’ हा शब्द पारिभाषिक कोशात बिनचूक असेल. पण आपण त्या गटात आहोत म्हणजे नेमके काय, हे शेतावरून परतलेल्या बाईला कोणत्या मराठीत सांगावयाचे? संमती ही सहीची बाब होण्याआधी भाषेची बाब असते. कळलेच नाही त्याला दिलेला होकार हा होकार नव्हे.

हेच माप साहित्याच्या संशोधनाला लावले की वेगळीच अडचण उभी राहते. वैद्यकात व्यक्तीचे नाव झाकणे हे संरक्षण मानले जाते. लोकसाहित्यात मात्र नाव झाकणे हाच बहुधा अन्याय ठरतो. ओवी म्हणणारी बाई ही ‘नमुना’ नव्हे. परंपरेच्या साच्यात स्वतःचे दुःख ओतणारी ती रचनाकार असते. तरीही जुन्या अनेक संग्रहांत ओवीखाली गायिकेचे नाव नाही. संग्राहकाचे नाव मात्र मुखपृष्ठावर असते. ‘लोक’ या शब्दाने येथे एक सोयीचे काम केले आहे: जे सर्वांचे, ते कोणा एकीचे नव्हे, आणि म्हणून कोणालाही विचारावयाचे कारण नाही.

या रूढीला छेद देणारे काम महाराष्ट्रातच झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरील ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात हजाराहून अधिक खेड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि तीन हजारांहून अधिक गायिकांची नोंद आहे. ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कार्यकर्त्यांचा या संकलनात मोठा वाटा होता. म्हणजे विचारणारी बाई आणि सांगणारी बाई यांच्यामधले अंतर येथे पुष्कळ कमी होते. २०१७ पासून या ओव्या ‘परी’ या संकेतस्थळावर गायिकेच्या व गावाच्या नावासह येऊ लागल्या. नाव देणे शक्य आहे, हे या कामाने दाखवून दिले.

परंतु नाव देणे नेहमीच हिताचे असते काय? पनवेल-रोहे लोहमार्गावर नागोठणे आणि रोहे यांच्यामध्ये निडी हे लहानसे स्थानक आहे. ध्वनिमुद्रक घेऊन अशा स्थानकावर उतरणाऱ्या एखाद्या संशोधकाची कल्पना करावी. त्याला ओवी हवी असते. बाई ओवीबरोबर सासरचा जाच, दिराचा वाटा, मुलीचे मोडलेले लग्न हेही सांगते. त्यातले काय ‘साहित्य’ आणि काय खाजगी, याची सीमा तिने आखलेली नसते. नाव छापले तर घरात तिला त्याचे मोल द्यावे लागेल. नाव गाळून ‘निडी, वय साठ, विधवा, शेतमजूर’ एवढीच टीप दिली तरी उपयोग नाही. लहान गावात एवढ्या खुणा नावाइतक्याच पुरतात. रोहे तालुक्यातील कातकरी वाड्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ब्रिटिश अमदानीत ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, तिला कागदावर उतरवून घेणाऱ्या माणसाचे भय वाटले तर त्यात नवल नाही.

मग सर्वच झाकावे, तर पुराव्याचे काय? येथे राजवाड्यांचे उदाहरण टाळता येत नाही. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा धडा महाराष्ट्राला वि. का. राजवाडे यांनी दिला. त्यांनीच पाटांगणच्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत छापली, एकनाथपूर्व पाठ म्हणून तिचे महत्त्व प्रतिपादिले आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही. परिणामी त्या पाठाचे प्रामाण्य संपादकावरील विश्वासावर अवलंबून राहिले. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. पण संपादक कितीही थोर असला तरी त्याचा शब्द पोथीच्या जागी उभा राहू शकत नाही. ‘एका वृद्धेने सांगितले’ एवढ्या टीपेवर उभा असलेला आजचा प्रबंधही त्याच जागी आहे, आणि त्यामागे तर राजवाड्यांची साधनाही नाही.

या पेचातून वाट काढावयाची तर छापणे आणि जपणे या दोन क्रिया वेगळ्या कराव्या लागतील. मूळ ध्वनिफिती आणि गायिकेची पूर्ण ओळख विभागाच्या संग्रहात जमा व्हावी, आणि ती पाहण्याचे नियम लेखी असावेत. म्हणजे पडताळा शक्य राहील. छापावयाच्या प्रत्येक ओवीपुरता निर्णय गायिकेचा असावा, आणि तो उतरवलेली संहिता तिच्यासमोर तिच्या बोलीत वाचून दाखविल्यावरच घेतला जावा. एखादी ओवी नावासह, दुसरी नावावाचून, तिसरी मुळीच नको, असे ती म्हणू शकते. या शेवटच्या नकारामुळे प्रबंधाचे एखादे प्रकरण दुबळे झाले तर ते होऊ द्यावे.

याने संशोधन मंदावेल, हा आक्षेप खरा आहे. एका भेटीत उरकणाऱ्या कामाला तीन भेटी लागतील, आणि ठरलेल्या मुदतीत प्रबंध सादर करावयाच्या विद्यार्थ्याला ते परवडणार नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. मार्गदर्शकाने आणि विभागाने ती आधी स्वीकारली पाहिजे. मौखिक परीक्षेत संदर्भग्रंथांच्या सूचीविषयी बारकाईने प्रश्न होतात. ज्या बाईच्या ओवीवर पदवी मिळावयाची, तिला ती परत वाचून दाखविली काय, हाही प्रश्न तेथेच विचारला जावा.