विश्लेषण : सर्वात कमी दराची निविदा, मग बांधकामाच्या गुणवत्तेचे काय?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आतच, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. बिहारमध्ये गंगेवरील सुलतानगंज-अगुवानी या १,७१० कोटी रुपयांच्या पुलाचे भाग २०२२, २०२३ आणि २०२४ अशा सलग तीन वर्षी नदीत कोसळले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी, निलंबन आणि गुन्हे दाखल होतात. मात्र काम कोणाला आणि कोणत्या निकषावर दिले गेले, ते सुरू असताना जागेवर कोणाचे लक्ष होते, हा प्रश्न मागे पडतो. बांधकाम खरेदी आणि गुणवत्ता व्यवस्थापन ही अभ्यासशाखा नेमक्या याच प्रश्नाचा विचार करते.

‘एल-वन’ पद्धत म्हणजे काय?

सरकारी बांधकामाच्या निविदा साधारणपणे दोन लिफाफ्यांत मागवल्या जातात. तांत्रिक लिफाफ्यात कंत्राटदाराचा अनुभव, उलाढाल आणि यंत्रसामग्रीची माहिती असते. त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो आणि सर्वात कमी दर देणाऱ्याला, म्हणजे ‘एल-वन’ला काम मिळते. पद्धत पारदर्शक आणि लेखापरीक्षणात टिकणारी असल्याने अधिकाऱ्यांनाही ती सुरक्षित वाटते. अडचण अशी की पात्रतेची रेषा एकदा ओलांडली की अव्वल कंत्राटदार आणि काठावर पास झालेला कंत्राटदार एकाच पातळीवर येतात. त्यापुढे फक्त दर बोलतो.

अंदाजपत्रकापेक्षा २० ते २५ टक्के ‘बिलो’ दराने काम घेतले, तर ती तूट कुठून तरी भरून काढावीच लागते. सिमेंट आणि पोलादाचे बाजारभाव सर्वांना सारखेच असतात. त्यामुळे कात्री लागते ती मजुरी, देखरेख, काँक्रीटला पाणी मारणे आणि चाचण्या यांना. फार कमी दराच्या निविदेसाठी अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद आहे. पण तिच्यामुळे सरकारचे पैसे सुरक्षित राहतात, खांबाची मजबुती वाढत नाही.

केंद्राने पर्याय काय दिला?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाबाबत सर्वसाधारण सूचना जारी केल्या. पूर्वी प्रामुख्याने सल्लागार नेमताना वापरली जाणारी गुणवत्ता आणि किंमत आधारित निवड पद्धत त्यात बांधकामांसाठीही खुली करण्यात आली. मात्र सक्षम प्राधिकाऱ्याने ते काम ‘गुणवत्ताप्रधान’ घोषित केले पाहिजे आणि दराव्यतिरिक्त निकषांना जास्तीत जास्त ३० टक्के भारांक द्यावा, अशा अटी आहेत.

एका काल्पनिक उदाहरणावरून फरक कळतो. ‘अ’ कंत्राटदाराचा दर ८० कोटी आणि तांत्रिक गुण ७०, तर ‘ब’चा दर ८८ कोटी आणि गुण ९५ आहेत. एल-वन पद्धतीत काम ‘अ’ला जाईल. ७०:३० सूत्रात ‘अ’ला दरासाठी पूर्ण ७० आणि गुणवत्तेसाठी २१, असे ९१ गुण मिळतात. ‘ब’ला दरासाठी ६३.६ आणि गुणवत्तेसाठी २८.५, असे ९२.१ गुण मिळतात आणि काम ‘ब’ला जाते. मात्र ‘ब’ने ९२ कोटी मागितले असते, तर ‘अ’च पुढे राहिला असता. म्हणजे चांगल्या कामासाठी थोडे जास्त पैसे मोजण्याची मुभा आहे, पण तिला मर्यादा आहे. तांत्रिक गुण देणे माणसांच्या हाती असल्याने मर्जीतल्या कंत्राटदाराला झुकते माप मिळण्याचा धोका असतो, म्हणूनही ही मर्यादा आवश्यक ठरते.

एडिनबर्गच्या भिंतीने काय शिकवले?

चांगला कंत्राटदार निवडला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. स्कॉटलंडची राजधानी एडिनबर्गमध्ये २९ जानेवारी २०१६ रोजी वादळात ऑक्सगँग्स प्राथमिक शाळेची सुमारे नऊ टन वजनाची भिंत कोसळली. शाळा भरण्याआधी ती पडल्याने एकाही मुलाला इजा झाली नाही. एप्रिलपर्यंत शहरातील १७ शाळा बंद कराव्या लागल्या आणि सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची सोय इतरत्र करावी लागली. या शाळा सार्वजनिक-खासगी भागीदारीतून बांधलेल्या होत्या.

चौकशीची जबाबदारी प्राध्यापक जॉन कोल यांच्याकडे देण्यात आली. कोल मूळचे वास्तुविशारद. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या इमारतींची धुरा त्यांनी अनेक वर्षे सांभाळली होती. म्हणजे निविदा काढणाऱ्या, ‘मालका’च्या खुर्चीतून त्यांनी बांधकाम पाहिले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातून दिसलेला दोष अगदी साधा होता. दुहेरी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या चुन्या-सिमेंटच्या सांध्यात पुरेशा खोल बसवलेल्या नव्हत्या. भिंत पूर्ण झाल्यावर त्या बाहेरून दिसणे शक्यच नव्हते.

भागीदारीच्या आर्थिक प्रारूपाला कोल यांनी थेट दोषी धरले नाही. निकृष्ट काम आणि अपुरी देखरेख ही मूळ कारणे त्यांनी दाखवली. त्याच वेळी, सगळी जबाबदारी कंत्राटदाराकडे सोपवल्यावर महापालिकेच्या बाजूने जागेवर पाहणारे स्वतंत्र डोळेच उरले नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पूर्वी ब्रिटनमध्ये मालकाच्या वतीने कामावर हजर राहणारा ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ असे. खर्च वाचवण्याच्या नादात ही जागा मागे पडली. सार्वजनिक संस्थांनी अशी स्वतंत्र तपासणी पुन्हा सुरू करावी, ही कोल यांची प्रमुख शिफारस होती. पुढे डमफ्रीजमधील ‘डीजी वन’ या क्रीडासंकुलाच्या सदोष बांधकामाची चौकशीही त्यांनीच केली.

आपल्याकडे तपासणी कशी होते?

आपल्याकडे ही जबाबदारी कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याची. पण एकाच अभियंत्याकडे अनेक कामे असतात. मोजमाप पुस्तिका, देयके आणि बैठका यातच त्याचा दिवस जातो. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासली जाते. मात्र ठोकळा उत्तम आला तरी प्रत्यक्ष स्लॅबमध्ये तेच काँक्रीट पडले, ते नीट दाबले गेले आणि त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले, याची हमी तो देत नाही. शिवाय निकाल येईपर्यंत त्यावर पुढचे काम उभे राहिलेले असते.

म्हणूनच ओतण्यापूर्वीची तपासणी महत्त्वाची. ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत काँक्रीट भरून तो उचलल्यावर मिश्रण किती खाली बसते, हे पाहणारी ‘स्लम्प’ चाचणी काही मिनिटांत होते. मिश्रणात वाटेत जादा पाणी ओतले असेल, तर तिथेच कळते आणि गाडी परत पाठवता येते.

प्राध्यापकांची भूमिका कुठे येते?

मुंबई महापालिकेने रस्ते काँक्रीटीकरणाच्या त्रयस्थ परीक्षणासाठी २०२४ मध्ये आयआयटी मुंबईची मदत घेतली. कामाचा दर्जा काम सुरू असतानाच तपासावा, हा त्यामागचा हेतू. सुलतानगंज पुलाच्या बाबतीत मात्र आयआयटी रुडकीला अभ्यासासाठी बोलावले गेले ते पहिल्या पडझडीनंतर. तज्ज्ञ आधी येतात की नंतर, यावर बरेच काही अवलंबून असते.

त्रयस्थ परीक्षण हाही रामबाण उपाय नाही. परीक्षकाचे शुल्क कंत्राटदाराकडूनच जात असेल, नमुने त्यानेच निवडून दिले असतील किंवा प्राध्यापकांच्या नावावर प्रत्यक्ष भेटी भलतेच कोणी देत असेल, तर अहवालाला अर्थ उरत नाही. अहवाल प्रतिकूल आल्यावर देयक रोखण्याचा अधिकार कोणाला, हेही करारातच लिहिलेले हवे.

पुढे काय व्हायला हवे?

दोषदायित्व कालावधी वाढवला की कंत्राटदार जबाबदारीने काम करतो, असा युक्तिवाद केला जातो. रस्त्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण खड्डा दिसतो आणि बुजवता येतो. पूल, शाळा आणि रुग्णालयांत धोकादायक दोष झाकलेले असतात आणि ते कळतात ते एकदम कोसळल्यावरच. तिथे दुरुस्तीची हमी पुरेशी नाही. सळया, सांधे, पाया असे जे झाकले जाणार आहे, ते झाकण्याआधी मालकाच्या माणसाने पाहणे, त्याचे छायाचित्र व सही नोंदवणे आणि ती नोंद झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे देयक न देणे, एवढी शिस्त पाळायला नवा कायदा लागत नाही. लागतो तो देखरेखीचा खर्च. एकूण कामाच्या तुलनेत तो लहान असतो, पण अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागते.