तुटीचा धनी कोण?

पुण्यातील बससेवेची चर्चा तोट्याच्या आकड्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १ जून २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये करण्यात आले, तेव्हाही तुटीचेच कारण पुढे करण्यात आले. परंतु तोटा हे केवळ लक्षण आहे. मूळ दुखणे कारभाराच्या रचनेत आहे.

२००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या परिवहन सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्याची तूट दोन्ही महापालिकांनी अनुक्रमे ६० आणि ४० टक्के या प्रमाणात भरावयाची. महामंडळाचा प्रमुख मात्र राज्य शासन नेमते आणि बदलतेही. मार्च २०१७ मध्ये आलेले तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद असू शकतील. पण वर्षही पुरे न होणाऱ्या कारकिर्दीत कोणता अधिकारी बसखरेदीपासून वेळापत्रकापर्यंतची घडी बसवू शकेल? जो नेमतो त्याला तूट भरावी लागत नाही आणि जे तूट भरतात त्यांच्या हाती नेमणूक नाही.

याहून मोठी विसंगती उत्पन्नाच्या बाजूस आहे. नवी दुचाकी रस्त्यावर आली की वाहनकर राज्याच्या तिजोरीत जमा होतो; इंधनावरील करांचे उत्पन्न केंद्र आणि राज्य यांच्याकडे जाते. अडलेला रस्ता, वाढलेला धूर आणि मंदावलेली बस यांचा भार मात्र शहराने सोसावयाचा. बस रखडली की फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या की प्रवासी दुचाकी घेतो. आणि तूट आणखी वाढते. खासगी वाहनाचा सामाजिक खर्च कोणत्याच ताळेबंदात मांडला जात नाही, म्हणून बस तेवढी तोट्यात दिसते!

महानगरातील सर्व वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण असावे, अशी शिफारस राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच केली होती. परंतु अधिकार आणि पैसा यांवाचून असे प्राधिकरण म्हणजे आणखी एक समिती ठरेल. वाहनकराचा निश्चित वाटा कायद्याने बससेवेस मिळावा, महामंडळाच्या प्रमुखास किमान तीन वर्षांच्या मुदतीची हमी असावी आणि त्याने दोन्ही महापालिकांच्या सभागृहांपुढे दरवर्षी हिशेब द्यावा. हे होत नाही तोवर भाडेवाढ म्हणजे कारभारातील गोंधळाची किंमत, थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाकडून वसूल करणेच होय.