विश्लेषण : घरगुती रेडिओ बीकनच्या नोंदींवरून एमएच ३७० सापडेल का?

मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना बेपत्ता झाले. विमानात पाच भारतीयांसह २३९ जण होते. शोधमोहिमेची बातमी आली की समाजमाध्यमांवर एक दावा पुन्हा फिरू लागतो : हौशी रेडिओचालकांच्या नोंदींमध्ये या विमानाचा माग दडलेला आहे. या दाव्यात तथ्य किती?

बीकन म्हणजे काय?

ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, ठरलेल्या वेळी आपली ओळख सांगणारा छोटा ट्रान्समीटर म्हणजे बीकन. हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम', तो घरीही तयार करतात. एक स्वस्त चिप, छोटा कम्प्युटर आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्यावर भागते. प्रसारणासाठी परवाना मात्र लागतो. यासाठीची लोकप्रिय पद्धत म्हणजे डब्ल्यूएसपीआर. तिला 'व्हिस्पर', म्हणजे कुजबुज, असे म्हणतात. भौतिकशास्त्राचे १९९३ चे नोबेल मिळवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ जो टेलर यांनी ती २००८ मध्ये आणली.

एवढ्याशा शक्तीत सिग्नल पोहोचतो कसा?

अनेक बीकन २०० मिलिवॉटवर चालतात. ही शक्ती नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाइतकी आहे. तरीही आयनांबरातून परतणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरी हजारो किलोमीटर जातात. खरी युक्ती आहे संथपणात. कॉलसाइन, अंदाजे ठिकाण आणि शक्ती एवढाच मजकूर पाठवायला जवळपास १११ सेकंद घेतले जातात. त्यामुळे कानाला नुसती खरखर ऐकू येत असतानाही कम्प्युटर त्यातून सिग्नल वेगळा काढतो. कोणाला कोण, कधी आणि किती जोरात ऐकू आले, ही नोंद मग सर्वांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये जाते.

मग विमानाचा संबंध कुठे आला?

ब्रिटिश अभियंते रिचर्ड गॉडफ्रे यांच्या मते, दोन केंद्रांमधल्या रेडिओमार्गातून विमान गेले की सिग्नलमध्ये किंचित फरक पडतो. २०१४ च्या नोंदींमधले असे फरक जोडून त्यांनी पर्थच्या पश्चिमेला सुमारे १,९३३ किलोमीटरवरचे ठिकाण दाखवले.

आक्षेप काय आहेत?

विमानावरून रेडिओलहरी परावर्तित होतात, हे खरेच आहे. क्षितिजापलीकडची विमाने टिपणारी शॉर्टवेव्ह रडार त्यावरच चालतात. पण त्यांना प्रचंड शक्ती आणि अवाढव्य अँटेना लागतात. बीकनचा मूळ सिग्नलच जेमतेम पोहोचतो. दूरच्या विमानावर आदळून येणारा त्याचा अंश खरखरीत बुडून जातो.

दुसरे, एका नोंदीत जवळपास दोन मिनिटांचे प्रसारण सामावलेले असते. तेवढ्यात जेट विमान सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते. तिसरे, आयनांबर स्वतःच सतत बदलत असल्याने विमान नसतानाही सिग्नल वरखाली होतो. त्यात एकमेकांना छेदणारे रेडिओमार्ग असंख्य असल्याने हव्या त्या ठिकाणी 'वेगळी' नोंद सापडणे अवघड नाही. खुद्द टेलर यांनीही या नोंदींवरून विमानाचा मार्ग काढण्याची कल्पना जाहीरपणे फेटाळली आहे.

मग या नोंदींचा उपयोग काय?

त्यांचा उपयोग विमानापेक्षा आकाश समजून घेण्यासाठी आहे. अमेरिकेत दिसलेल्या २०१७ आणि २०२४ च्या सूर्यग्रहणांत आयनांबर कसे बदलले, हे संशोधकांनी हौशी केंद्रांच्या नोंदींवरून तपासले. सौरवादळाचा परिणामही त्यांत दिसतो.

प्रश्न महत्त्वाचा का?

एमएच ३७० च्या शोधाचा मुख्य आधार आजही उपग्रहाशी झालेले शेवटचे संपर्क आणि किनाऱ्यांवर सापडलेले अवशेष हाच आहे. मलेशियाने मार्च २०२५ मध्ये 'ओशन इन्फिनिटी' कंपनीशी करार मंजूर केला. त्यात सुमारे १५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासायचा असून, विमान सापडले तरच ७ कोटी डॉलर द्यायचे आहेत. एवढ्या खोल समुद्रात चुकीच्या जागी घातलेला प्रत्येक दिवस योग्य जागेच्या वाट्यातून जातो. नवी पद्धत खरी ठरवायची तर आधी मार्ग माहीत असलेली विमाने तिला तो मार्ग न सांगता शोधायला द्यावी लागतील. ती परीक्षा पार पडेपर्यंत नकाशावरचा ठिपका हा केवळ अंदाजच असतो. 'विमान सापडले' अशी पोस्ट पुढे पाठवताना हे लक्षात ठेवलेले बरे, कारण ती वाचणाऱ्यांत अजून वाट पाहणारे नातेवाईकही असू शकतात.