दुरून मारण्याचा नियम गाळू नका

भाषेच्या तासाला कथाखेळ घेणारे काही शिक्षक मित्र मला माहीत आहेत. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि 'मी आता असं करतो' म्हणतात. ते जमलं की नाही, हे फासा ठरवतो. मूळ खेळ अमेरिकेतला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली काढला.

वर्गात आणताना हे मित्र त्यातली गोष्ट ठेवतात आणि लढाईचे नियम काढून टाकतात, त्यातही दुरून नेम धरण्याचे आधी. कारणं दोन सांगतात. एक, पोरांना ते जड जातात. दुसरं, सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथं मुलांच्या हाती धनुष्यबाण कशाला? पालकांनीही मला हे विचारलं आहे. माझं मत अगदी उलट आहे. गाळायचंच असेल तर राक्षस गाळा, तलवारी गाळा, पण हा एक नियम ठेवा.

माझ्या चौथी-पाचवीच्या वर्गात राक्षस नाहीच. तिथं रानडुक्कर आहे. बापासोबत जागलीला गेलेली पोरं वर्गात असतात, त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. हत्यार म्हणजे गोफण. ज्वारीचा पेरा आता कमी झाला, तरी आजोबांची गोफण पोरांच्या ऐकण्यात असते. मूळ खेळातही गोफण आहे. तिचा पल्ला ३० फूट, आणि लांबात लांब १२० फूट. वर्गातली एक फरशी म्हणजे ५ फूट धरायची. म्हणजे ६ फरशांपर्यंत सरळ नेम, ७ ते २४ फरशांपर्यंत अवघड नेम, त्यापुढे गोटा पोचतच नाही. २४ फरशा मोजता मोजता पोरं व्हरांड्यात जातात. जाऊ द्यायची.

वीस बाजूंचा फासा आपल्याकडे सहसा मिळत नाही. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून जेवणाच्या डब्यात टाकल्या की झालं. समजा, डुकराला लागायला १२ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. २० पैकी ९ चिठ्ठ्या कामाच्या, म्हणजे शंभरात ४५ वेळा लागेल. डुक्कर बांधाआड अर्धं लपलेलं असलं तर २ वाढवायचे. आता १४ हवेत, म्हणजे ७ चिठ्ठ्या, ३५ टक्के. पाऊण अंग झाकलेलं असलं तर ५ वाढवायचे. १७ हवेत, ४ चिठ्ठ्या, २० टक्के. पूर्ण आडोशाला गेलं तर नेमच धरता येत नाही.

लांबच्या नेमाचा नियम मला सगळ्यात आवडतो. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत तो असा आहे : दोनदा फासा टाकायचा आणि लहान आकडा धरायचा. आपण पहिली चिठ्ठी परत डब्यात टाकून दुसरी काढायची. १२ हवे असतील तर दोन्ही वेळा १२ किंवा जास्त यायला पाहिजे. २० पैकी ९ चे २० पैकी ९, म्हणजे ४०० पैकी ८१. साधारण २० टक्के. अपूर्णांकाचा गुणाकार केला की उत्तर लहान का होतं, हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल! इथं पोरं शंभर वेळा चिठ्ठ्या काढून ते स्वतः बघतात.

जड जातं म्हणणाऱ्यांनी एकदा लगोरीचा डाव पाहावा. "मले लागलाच नाही!" "काऊन नाही लागला?" अर्धा खेळ त्या भांडणात जातो आणि जो दांडगा तो जिंकतो. पल्ला, आडोसा, नेम हे शब्द नसले तरी वाद त्यांचाच असतो. डब्यातल्या चिठ्ठीपुढे सरपंचाचं पोरगं आणि वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगं सारखंच. ज्याला पळता येत नाही, लगोरीत जो नेहमी कडेला बसतो, त्याचाही नेम इथं तेवढाच.

द्रोणाचार्यांनी दाखवलेल्या पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट आपण एकाग्रतेसाठी सांगतो. पक्षी किती लांब होता, मध्ये पानं किती होती, हे मात्र कोणी विचारत नाही. पोरं विचारतात. "सर, सराव केला तर?" मग सराव केलेल्याला आकड्यात दोन-तीन मिळवून द्यायचे. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, अंतिम फेरीत, १५० पैकी १५० गुण घेतले. अंतर ५० मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. आमच्या फरशीच्या हिशेबाने ते साधारण ३३ फरशा होतात. मुलांनी वहीवर ८ सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं आणि गप्प झाली.

राहिला अहिंसेचा प्रश्न. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकण्याची नयी तालीम उभी राहिली. त्या भूमीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हलक्यात घेण्यासारखा नाही. पण नियम काढला की काय होतं, ते वर्गात दिसतं. पोरगं म्हणतं, "मी मारलं, तो मेला." संपलं. नियम असला की ते आधी फरशा मोजतं, आडोसा बघतं, पिशवीत गोटे किती ते बघतं. २० टक्केच जमणार हे कळलं की बरेच गट गोफण ठेवून डबा वाजवायचं ठरवतात, नाहीतर कुंपणाचा विचार करतात. मारणं महाग आहे हे त्यांना आकड्यानं कळतं, माझ्या भाषणानं नाही. मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळातही अंतर आणि आडोसा असतोच, पण तो हिशेब यंत्र करतं आणि पोराकडे फक्त बोट दाबणं उरतं. ज्या पालकांना चिठ्ठ्यांची गोफण खटकते, त्यांनी घरातल्या त्या खेळाकडेही एकदा बघावं.

करून बघणार असाल तर एका तासात उरकू नका. पहिल्या तासाला फक्त फरशा मोजून पल्ले खडूने आखा, गोष्ट दुसऱ्या तासाला. आणि गोटे मोजून द्या, प्रत्येकाला २०. डाव संपल्यावर फेकलेल्यांपैकी निम्मेच परत सापडतात, असा मूळ नियम आहे. सात फेकले तर साडेतीन होतात, आणि खेळ खालचा पूर्ण आकडा धरतो. माझ्या वर्गाला ते मान्य नाही. अर्धा गोटाही फेकता येतो, असं त्यांचं म्हणणं आहे.