श्रद्धा म्हणजे सौदा नव्हे

संकटसमयी परमेश्वराचे स्मरण होणे हा मनुष्यस्वभावच आहे. त्यातून आपण धान्याचे व्यापारी. पाऊस लांबला, भाव कोसळला वा उधारी बुडाली, की गादीवरून उठलेला मनुष्य थेट मंदिराची पायरी चढतो. त्यात गैर काही नाही. परंतु तेथे हात जोडून आपण काय मागतो, ह्याचा प्रत्येकाने एकवार विचार करावा, असे मला नम्रपणे वाटते.

आपले तीर्थंकर वीतराग आहेत. ते स्तुतीने प्रसन्न होत नाहीत व निंदेने कोपत नाहीत. ज्याचे त्याचे सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्मानुसार, ही आपल्या धर्माची शिकवण. नवकार मंत्रात पंचपरमेष्ठींना वंदन आहे; धनाची वा संततीची याचना नाही. मग जो देव तोटा टाळीत नाही, त्याच्यावर भरवसा कशाचा ठेवावयाचा? तरुण मंडळी हा प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही.

चारशे वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाशी बनारसीदास ह्या जैन व्यापाऱ्याची गाठ पडली. जौनपुरास १५८६ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाने १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. रोज एक दीनार मिळावा म्हणून तरुणपणी त्याने एका संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर जपला. दीनार मिळाला नाही. पुढे व्यापारात तो वारंवार बुडाला. नऊ अपत्ये झाली, त्यांतील एकही जगले नाही. तरीही तो खचला नाही. त्याने ‘समयसार नाटक’ रचले, आणि स्वतःच्या गुणदोषांचा जमाखर्च निर्भयपणे जगापुढे मांडला. देवाशी केलेला सौदा फसला. परंतु आत्म्याच्या चिंतनातून आलेले धैर्य शेवटपर्यंत टिकले.

त्याच्याच हयातीत आपल्या बऱ्हाणपुरावर मोठे संकट आले. १६३० साली पाऊस न झाल्याने दख्खन व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. बादशहा शहाजहान तेव्हा येथे मुक्कामास होता. त्याने लंगर उघडले व दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांस वाटविले, असे दरबारी इतिहासात नमूद आहे. परंतु रुपया काही खाता येत नाही. अशा वेळी खरी कसोटी लागते ती ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याची. भाव आणखी चढेल म्हणून कोठाराला कुलूप घालणारा मनुष्य नवकार जपत असेलही. त्याचा भरवसा मात्र कुलपावर असतो.

हे कुलूप उघडण्याचे धैर्य आपल्याच समाजातील एका माउलीने दाखविले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून वसतिगृह चालविले. तेथे धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. अखेरीस मंगळसूत्रही दिले. जुन्या वळणाच्या जैन घरातील ह्या स्त्रीने देवाकडे काही मागितल्यापेक्षा स्वतःजवळचे देऊन टाकले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्या मुलांच्या तोंडी पडलेला घास मात्र वाया गेला नाही.

तेव्हा भरवसा म्हणजे तोटा होणार नाही अशी हमी नव्हे. तोटा झाला तरी आपले वजन खोटे होणार नाही, दिलेला शब्द फिरणार नाही आणि शेजारी उपाशी राहणार नाही, हा मनाचा निश्चय म्हणजेच भरवसा होय. वीतरागाच्या दर्शनाने तो निश्चय दृढ होतो. ह्याहून अधिक मागावयाचे ते काय?

म्हणून एक सूचना करतो. अवर्षणाच्या वर्षी प्रत्येक पेढीने आपल्या ऐपतीप्रमाणे काही पोती बाजूस काढून ती खरेदीच्याच भावाने गरजूंस विकावीत. नफा थोडा घटेल, हे खरे. परंतु पुढच्या संकटात देवासमोर उभे राहताना आपली मान ताठ राहील.