करकपात झाली, दरपत्रकाचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. भरपाई उपकरही रद्द झाला. जाहिरातींत दिसणारी घट मात्र एक्स-शोरूम किमतीतील आहे. ग्राहकाच्या खिशातून जाते ती ऑन-रोड किंमत, आणि मान्य झालेली सवलत विमा, ॲक्सेसरीज किंवा ‘हाताळणी शुल्क’ अशा रकान्यांतून परत वसूल होण्यास तेथे पुरेसा वाव असतो.

विम्याचा रकाना सर्वाधिक तपासण्याजोगा. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा अनिवार्य असून त्याचा मूळ दर केंद्र सरकार ठरवते. तेथे घासाघीस व्यर्थ. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो आणि तो विक्रेत्याकडूनच घेण्याचे कायदेशीर बंधन नाही. दहा लाख रुपयांवरील मोटारीवर घेतला जाणारा एक टक्का टीसीएस तर खर्चच नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते.

बाबनिहाय लेखी दरपत्रक हाती असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. नोंदणीपूर्वी चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिनाही पडताळावा. डिसेंबरात बनलेली मोटार जानेवारीत घेतली, तरी पुनर्विक्रीच्या वेळी ती एक वर्षाने जुनीच धरली जाते.